करण आणि अधिष्ठान

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान ही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. लाटांचा मारा अडवण्यासाठी समुद्रात घातलेले ब्रेकवॉटर, म्हणजे लाटरोधक बंधारा, ही अभियांत्रिकी होय. आणि त्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या नौकांवरचे पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याभोवती गोल सोडून तळच्या कड्यांतला दोर ओढताच बटव्यासारखे मिटणारे जाळे, ते ओढणारी विंच आणि पाण्याखालचा थवा पडद्यावर दाखवणारा फिशफाइंडर हे तंत्रज्ञान होय. दोहोंच्या मुळाशी विज्ञान आहे आणि दोहोंना कौशल्य लागते. असे असता त्यांच्यातला भेद कोठे पडतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा ठरतो, कारण घडलेल्या कर्माचे उत्तर कोणी द्यायचे हे त्यावर अवलंबून आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे व्यापार, आणि दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतला आहे. येथे मात्र कर्म जेथे घडते ती जागा हा व्यापक अर्थ अभिप्रेत आहे. या चौकटीत तंत्रज्ञान हे करण आहे. पर्ससीन जाळे नॉर्वेच्या समुद्रात आणि कोकणच्या समुद्रात एकाच तत्त्वावर चालते, आणि किती मासळी पुरे हे ठरवणारे त्याच्या रचनेत काहीही नसते. बंधाऱ्याचे तसे नाही. तेथील भरती-ओहोटी, पावसाळी लाटांची दिशा, तळाची वाळू आणि गाळ यांचा हिशेब मांडल्यावाचून तो उभाच राहत नाही, आणि तो उभा राहिल्यावरही आतल्या संथ पाण्यात गाळ बसतो, म्हणून तो उपसण्याचे काम मागे उरतेच. अभियांत्रिकीत करणाला अधिष्ठान मिळते, कर्त्याला उत्तरदायित्व मिळते, आणि जे मोजता येत नाही त्या दैवासाठीही काही जागा राखून ठेवावी लागते.

म्हणूनच पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील संघर्षाला जुने विरुद्ध नवे असे रूप देणे चुकीचे आहे. कांडाळी किंवा डोल ही जाळीही एके काळी नवी साधनेच होती. खरा प्रश्न असा की बांगडा आणि तारली यांचे थवे ज्या पाण्यात येतात त्या पाण्याचा विचार जाळे टाकण्याच्या निर्णयात आहे की नाही. महाराष्ट्र शासनाच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या जलधिक्षेत्रात पर्ससीन मासेमारीचे क्षेत्र, हंगाम आणि परवाने मर्यादित केले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा ठरवला. केंद्र शासनाने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासळी गोळा करून पकडण्यास बंदी केली. हे निर्बंध प्रगतीच्या आड येतात असे म्हटले जाते. वस्तुतः साधनाकडे स्वतःची नसलेली मर्यादा ते त्याला देतात, आणि या अर्थाने असा कायदा हेही अभियांत्रिकीचेच काम आहे.

मिरकरवाड्याच्या मच्छीमारांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि हाच विचार त्यांच्या धर्मपरंपरेतही निराळ्या वाटेने आलेला आहे. आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांनी जी अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, पेलण्यास नकार दिला ती मानवाने स्वीकारली, असे कुराणात म्हटले आहे. ठेव वापरणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. याच रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांनी गीतारहस्यात लोकसंग्रहाला, म्हणजे समाजाची धारणा आणि त्याचे हित साधण्याला, जे स्थान दिले त्याचीही अपेक्षा याहून वेगळी नाही.

एक अडचण मात्र खरोखर अवघड आहे. नौकेचा मालक किनाऱ्यावर असतो, जाळे कोठे सोडायचे ते तांडेल, म्हणजे नौकेवरचा प्रमुख, ठरवतो, दोर खलाशी ओढतात, आणि थवा दाखवतो तो पडदा. कर्तृत्व असे वाटले गेले की प्रत्येकाला आपण केवळ करण आहोत असे वाटू लागते. खलाशाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण जाळे टाकण्याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. तांडेलाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि ज्याच्या भांडवलाने ते जाळे विकत घेतले गेले त्या मालकाच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही.