संशयाचें ओझें कोणीं वाहावें?

एखाद्या धन्यानें मजुराला खोल विहिरींत उतरविलें, आंतील हवा विषारी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें साधन धन्याच्याच हातीं होतें, आणि पुढें तो मजूर आजारी पडला. तर "हा रोग माझ्याच विहिरीमुळें झाला हें तूं सिद्ध कर," असें त्याला म्हणणें न्यायाचें होईल काय? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों, कारण अमेरिकेंत तो खरोखरीच उभा राहिला.

त्या देशाच्या सरकारनें नेवाडा राज्यांतील वाळवंटांत १९५१ पासून १९९२ पर्यंत अण्वस्त्रांचे प्रयोग केले. ता. १८ डिसेंबर १९७० रोजीं 'बेनबेरी' नांवाचा स्फोट जमिनीच्या पोटांत केला असतां भूमि फाटली व किरणोत्सर्गी धुळीचा लोट आकाशांत चढला. तेथील ८६ कामगारांस त्या किरणोत्सर्गाची बाधा पोंचली. त्यांपैकीं दोघे १९७४ सालीं रक्ताच्या कर्करोगानें मरण पावले. त्यांच्या विधवांनीं सरकारवर फिर्याद केली. न्यायाधीशानें सरकारची हयगय मान्य केली. परंतु मृत्यु त्यामुळेंच आला हें सिद्ध झालें नाहीं, असें ठरविलें.

कोणी म्हणेल, पुराव्यावांचून दंड करणें हाही अन्यायच. हें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. जेथें असे प्रयोग कधीं झाले नाहींत तेथेंही कर्करोग होतोच, आणि किरणांनीं झालेला रोग आपल्या उगमाची खूण अंगावर ठेवीत नाहीं. परंतु याच कारणास्तव मजुराजवळ पुरता पुरावा कधींच असूं शकत नाहीं. किरण डोळ्यांस दिसत नाहींत. मोजण्याचीं यंत्रें व नोंदवह्या धन्याजवळ. ज्यानें धोका पत्करण्याचा निर्णय केला व मोजमाप आपल्या हातीं राखलें, त्यानेंच संशयाचेंही ओझें वाहिलें पाहिजे. चूक होणारच असेल, तर तिचा तोटा सरकारी खजिन्यास व्हावा, विधवेच्या चुलीस होऊं नये.

पुढें कायदाही याच वाटेनें गेला. १९९० सालीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागण्यांत आली, व उघड्या हवेंतील प्रयोगांच्या स्थळीं हजर असलेल्यांस ठराविक रोगांबद्दल ७५,००० डॉलर देण्याचें ठरलें. २००० च्या कायद्यानें अण्वस्त्रांच्या कामावरील आजारी मजुरांस १,५०,००० डॉलर देऊं केले. आणि जेथें नोंदी अपुऱ्या, तेथें कांहीं वर्गांस ठराविक कर्करोगांबद्दल वेगळा पुरावा न मागण्याची सोय केली. पण १९७४ पासून तोंवर २६ वर्षें लोटलीं होतीं.

वाचकहो, आपण न्यायाधीश नाहीं. तथापि खडी फोडावयास, पिकावर औषध फवारावयास आपणही गडी लावितों. तो खोकूं लागला म्हणजे आपण प्रथम काय विचारतों? "तुला काय होतें?" असें, कीं "माझ्याच कामानें झालें कशावरून?" असें?