देहाची अमानत आणि हातातला मोबाईल



हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले, तेव्हा त्यांनी अब्दुल्लाह यांना समजावले की, तुमच्या देहाचा तुमच्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे आणि पत्नीचाही हक्क आहे. ही हदीस सहीह बुखारीत आली आहे. येथे लक्षात घ्यावे की, ही समज इबादतीसाठी जागणाऱ्या माणसाला दिली गेली. मग मध्यरात्रीपर्यंत पडद्यावर बोट सरकवीत जागणाऱ्याच्या डोळ्यांची फिर्याद केवढी असेल!

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरील आपल्या मोहल्ल्यांत मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. समुद्रात जाणाऱ्यांना वादळाचा इशारा त्यावर मिळतो; आखातात गेलेल्या बापाचे तोंड मुलांना त्यावर दिसते. ही अल्लाहची नेमतच आहे. तथापि डोळ्यांची जळजळ, कपाळात ठणका, मान आखडणे, अंगठा दुखणे आणि झोप न लागणे या तक्रारीही त्याच्यासोबत घरात आल्या आहेत.

यांविषयी दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. काहीजण तक्रार करणाऱ्याची थट्टा करतात, तर काहीजण टॉवरमुळे कर्करोग होतो असे संदेश पुढे ढकलीत राहतात. आणि गंमत अशी की, तेही मोबाईलवरूनच! आलेल्या बातमीची शहानिशा करा, ही दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमधील आज्ञा येथेही लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले. शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. म्हणून निराधार भीती पसरविणे हेही एक असत्यच आहे.

परंतु भीती खोटी ठरली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर निम्म्याहूनही कमी मिटते, आणि डोळा कोरडा पडतो. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. पण मान ६० अंशांत झुकली की मानेवरचा भार सुमारे २७ किलोंवर जातो, असे गणित एका अमेरिकी शल्यविशारदाने २०१४ मध्ये मांडले आहे. बोटे बधिर होत असतील किंवा डोकेदुखी हटत नसेल, तर दम करून घ्यावा, दुआ करावी आणि डॉक्टरांनाही दाखवावे. उपचार करणे हीदेखील प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

सर्वांत मोठे नुकसान झोपेचे आहे. झोपेला विश्रांती आणि रात्रीला पांघरूण बनविल्याचे अल्लाहने सूरह नबामध्ये सांगितले आहे. आपण मात्र त्या पांघरुणाखाली दिवा घेऊन शिरतो. पडद्याच्या उजेडामुळे शरीराला रात्र झाल्याची खूण उशिरा मिळते, झोप लांबते आणि फज्र हातून जाते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक पायंडा पाडला. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील दूरदर्शन व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. या शेजाऱ्यांकडून शिकण्यात आपल्याला संकोच का वाटावा? आपल्याकडे तर मगरिबची अजान रोज होते, आणि तिथून ईशापर्यंत जवळजवळ तेवढाच वेळ असतो. मुलांना कुरआन पढविण्याची हीच वेळ आपल्या आज्या-नान्यांनी राखली होती. मात्र आईवडिलांचा मोबाईल चालू असेल, तर मुलांचा बंद होणार नाही.

ईशानंतर गप्पांत रात्र घालविणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. घरच्यांशी बोलण्याची सवलत मात्र विद्वानांनी मानली आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर ती फार मोलाची आहे. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिकडे नऊला काम आटोपून भाऊ फोन करतो, तेव्हा इकडे साडेअकरा झालेले असतात. त्याला कोणी दोष देऊ नये. पण बोलणे वीस मिनिटांत संपते आणि फोन पुढे दोन तास हातातून सुटत नाही. झोप जाते ती या दोन तासांत. शिवाय अब्बांची वाट पाहत लहान मूलही जागे राहते. कुवेतमध्ये बहुतेकांना शुक्रवारी सुट्टी असते. इकडे मुले शाळेतून परतून अस्रनंतर पाच वाजता मोकळी होतात, तेव्हा तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि जुमाची नमाज झालेली असते. मुलांशी निवांत बोलण्यासाठी ती वेळ ठरवून घ्यावी. रोजच्या रात्रीचा फोन मोठ्यांनी घ्यावा, आणि बोलणे संपताच तो बाहेरच्या खोलीत ठेवून यावा.