एन्टर कोणी मारला?

वाल्या कोळ्याच्या बायकोने पापात वाटा घ्यायला साफ नकार दिला, तेव्हापासून तो हिशेब तसाच लोंबकळत पडला आहे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. वाटा म्हटला की टक्केवारी विचारणार. पाप सांगणाऱ्याचे किती, करणाऱ्याचे किती?

प्रश्न पुन्हा निघाला तो भाच्यामुळे. हा पुण्याहून ब्रह्मपुरीला येतो तो लॅपटॉप घेऊन. त्याच्या पडद्याचे दोन खण असतात. वरच्या खणात 'व्हिम' नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो नुसता लिहितो. खालचा काळा खण म्हणजे टर्मिनल. तिथे हुकूम पडला की तो अमलात येतो. हे खण पाडून देणाऱ्या गृहस्थाचे नाव 'टीमक्स', जन्म २००७. भाच्याने एक बटण असे बांधून ठेवले आहे की, ते दाबले की वर लिहिलेली ओळ टुणकन खाली जाते आणि काम होते. स्वतः खाली उतरायला नको!

"खालच्याला कळतं का रे, हुकूम कोणी पाठवला?"

"नाही मामा. त्याला वाटतं, कोणीतरी समोर बसूनच टाइप केलंय."

इथे आमच्या पोटात गोळा आला. तशी ही व्यवस्था आम्हा झाडीपट्टीवाल्यांना नवी नाही. वैनगंगेपलीकडे वडसा, म्हणजे नाटक कंपन्यांचे माहेरघर. धान निघाले की गावोगाव रात्रभर नाटके. प्रॉम्प्टर कुजबुजतो, खलनायक गर्जतो, आणि बाया बोटे मोडतात त्या खलनायकाच्या नावाने. प्रॉम्प्टरला आजवर कोणी शिव्या दिल्याचे ऐकिवात नाही. पण नटाला निदान कान असतात. नको ते वाक्य तो गिळू शकतो. काळ्या खणाला गिळणे ठाऊक नाही.

बँकेत आमचेही दोन खण. मी नोंद करणारा 'मेकर', साहेब मंजुरी देणारे 'चेकर'. चोरी होऊ नये म्हणून ही योजना, आणि ती चांगलीच आहे. मात्र एकदा निराधार योजनेचे पैसे घ्यायला एक म्हातारी आली, तो खाते बंद. "माजा खाता कोनं बंद केला जी?" मी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी माझ्याकडे, आणि दोघांनी एका सुरात सांगितले, "सिस्टीमनं." म्हातारी बाकावर बसून राहिली. तासाभराने अदबीने विचारते, "सिस्टीम सायेब कवा येतेत जी?"

लोक हसले. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही. काम दोघांत वाटले की जबाबदारी निम्मी-निम्मी व्हावी, तर ती चक्क शून्य होते. हे कोणते गणित, ते बी.कॉम.ला शिकवले नव्हते.

भाच्याला हे सांगितले. तो म्हणाला, टीमक्समध्ये ओळ पाठवणे वेगळे आणि एन्टर पाठवणे वेगळे. एन्टर सांगितला नाही, तर ओळ खाली जाऊन नुसती पडून राहते. फायली पुसण्याच्या हुकमांना त्याने मुद्दामच एन्टर जोडलेला नाही, कारण टर्मिनलमध्ये पुसलेले कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, थेट वैकुंठाला जाते. ओळ खाली गेली की हाही खाली जातो, वाचतो, मग स्वतःच्या बोटाने एन्टर मारतो. लिहिणाराही तोच, मारणाराही तोच. बोट दाखवायला दुसरे कोणी नाही.

एकाच वेळी चाळीस नोंदी डोळे मिटून पास करणाऱ्या चेकरपेक्षा मला ही रीत सोवळी वाटली.

तेवढ्यात त्याने एक जुनी फाइल पुसायची ओळ खाली पाठवली. ती लुकलुकत थांबली. दोघांनी वाचली. मग भाच्याने काय केले, तर फाइल ठेवली आणि ओळ पुसली.