भूक नसलेल्याचा उपास

पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून मला भूक लागत नाही. कमी लागते असं नाही, लागतच नाही. दुपारचा एक वाजलाय हे मला घड्याळ सांगतं, पोट नाही. भेटायला येणाऱ्यांना हे भाग्य वाटतं. आमच्याच इमारतीतले एक काका, दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण करणारे, म्हणाले, "सुटलात तुम्ही. आम्ही जन्मभर जिभेशी भांडतोय, तुम्हाला वैराग्य आयतं मिळालं." काका थट्टा करत नव्हते, त्यामुळे मलाही ते बोलणं हसण्यावारी नेता आलं नाही. माणसाची भूकच काढून घेतली, तर तो संयमी झाला असं म्हणायचं का?

मी भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर राहते आणि घरून डबे देते. दिवसभर फोडणी, कणीक आणि कुकरच्या शिट्ट्या. वजन ११८ किलोवर गेलं, साखर वाढली, भाईंदर स्टेशनचा पूल चढताना दोनदा कठडा धरून उभं राहावं लागायला लागलं, तेव्हा ऑपरेशनचं ठरलं. २०११ मध्ये नितीन गडकरींनी असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून 'बॅरिएट्रिक' हा शब्द आमच्यासारख्या घरांतही माहीत झाला होता. पण त्याआधीची कित्येक वर्षं मी एकच वाक्य ऐकत आले: "जरा जिभेवर ताबा ठेव." सासरी, माहेरी, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. ऐकून ऐकून माझाही त्यावर विश्वास बसला होता. मी जाड म्हणजे मी हावरी, आणि हावरी म्हणजे कुठंतरी पापी.

डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं. स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. कापलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर कप्पाही जातो. घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यत्वे तिथं तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ते शोधून काढलं. जेवणाच्या आधी ते रक्तात वाढतं आणि मेंदूला सांगतं की आता खा. जेवलं की उतरतं. गंमत पुढेच आहे. नुसतं पथ्य करून वजन उतरवलं, तर हे संप्रेरक उलट वाढतं. शरीर गेलेलं वजन परत मागतं. मी प्रत्येक वेळी पथ्य सुरू करून दोन-चार महिन्यांत मोडायचे, त्याचा सगळा दोष मी माझ्या चारित्र्याला देत होते. त्यातला निदान काही हिस्सा त्या कप्प्याचा होता.

हे कळल्यावर हायसं वाटलं, आणि लगेच अडचणही झाली. आधीच्या खाण्याचा दोष संप्रेरकाच्या नावे टाकायचा, तर आताच्या न खाण्याचं श्रेय मी कोणत्या तोंडानं घेऊ? दोन्हीकडे एकच न्याय लावायला हवा. तेव्हाचं सगळं पाप माझं नव्हतं, तसं आताचं पुण्यही माझं नाही. काकांचं 'आयतं वैराग्य' इथंच अडतं. जे आयतं येतं ते वैराग्य नसावं.

शिवाय गेलं काय आणि राहिलं काय, हेही नीट बघायला हवं. पातळ आणि मऊ अन्नाचे आठवडे संपून साधं जेवण सुरू झालं, तेव्हा दारावर उत्तनची कोळीण आली. ओले बोंबील घेतले. समोर जैन बिऱ्हाड आहे, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि कालवण केलं: लसूण ठेचून, कोकम घालून, वर कोथिंबीर. वासानं तोंडाला पाणी सुटलं. पहिला घास अप्रतिम. दुसरा बरा. तिसरा छातीच्या मधोमध येऊन उभा राहिला. ना खाली जाईना, ना वर येईना. वाटी सारली, उठून उभी राहिले, दीर्घ श्वास घेतले. आणि तशा अवस्थेत मनात काय आलं? पुढच्या वेळी कोकमाऐवजी कैरी घालून बघावी.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला हीच गोष्ट सांगतो. न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती जाते परतत्त्व दिसल्यावरच. शाळेत असताना हे पाठ केलं होतं, अर्थ आत्ता अंगावर आला. सर्जननं जठर कापलं. गोडीपर्यंत त्याची सुरी पोचली नाही, पोचणारही नव्हती. रात्री डबे धुऊन झाले की मी मोबाइलवर पुरणपोळ्यांचे व्हिडिओ बघत बसते. भूक नाही, वासना शाबूत.

समोरच्या बेन याबाबतीत माझ्यापेक्षा फार जाणत्या. पर्युषणात त्या अठाई करतात, म्हणजे आठ दिवस अन्न नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्यांना मी विचारलं, "बेन, आता माझाही रोजच उपास. मला पुण्य लागेल का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "भाभी, पच्चक्खाण घेतलं का? संकल्पच नाही, तर तप कसलं? ती तर नुसती उपासमार." मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत. अन्न पूर्ण सोडणं हा एक. ऊणोदरी दुसरा, म्हणजे भूक असताना चार घास कमी खाऊन उठणं. आणि रसपरित्याग निराळाच, तो तूप, दूध, गूळ अशा गोडीच्या वस्तू सोडण्याचा. म्हणजे पोट रिकामं ठेवणं वेगळं आणि गोडी सोडणं वेगळं, हे त्यांनी कधीच मोजून ठेवलंय. "तिसऱ्या दिवशी मला भूक फार लागते," बेन म्हणाल्या. "लागते म्हणून तर तप."

त्यांच्या या एका वाक्यानं माझं बरंच काम झालं. मला भूकच नाही, तर चार घास कमी कशातून करू? ऊणोदरीलाही आधी भूक लागते.

याच शहरात २०१५ मध्ये महापालिकेनं पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं जाहीर केलं होतं आणि त्यावरून राज्यभर वाद पेटला होता. कोणी काय खावं हे कोण ठरवणार, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला आज त्यातली दुसरीच बाजू दिसते. बंदी पदार्थ काढून घेते. ऑपरेशन भूक काढून घेतं. दोन्हींत माणसानं स्वतः करायचं काहीच उरत नाही. ताटात पदार्थ आहे, पोटात भूक आहे आणि तरी हात मागे घेतला, तरच त्याला संयम म्हणता येईल. बेनना त्यांची अठाई करायला बाजार बंद असायची गरज पडत नाही. माझ्या खिडकीतून कधी वास सुटला असेल, तरी त्यांचं तप मोडलेलं नाही.

मग न खाण्यात पुण्य नाही, तर माझा धर्म कोणता? याचं उत्तर मला छांदोग्य उपनिषदातल्या श्वेतकेतूच्या गोष्टीत सापडलं. उद्दालक आपल्या मुलाला सांगतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी तो वेद म्हणायला सांगतो आणि पंडित मुलाला एक ऋचा आठवत नाही. बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवल्यावर सगळं परत येतं. मन अन्नमय आहे, हे बापानं प्रवचन न देता उपाशी ठेवून पटवलं. सुरुवातीचे दोन आठवडे मीही नुसत्या पातळावर होते: ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप. त्या काळात गिऱ्हाइकांच्या हिशेबात माझं डोकं चालेना. कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, वहीत बघूनही समजेना. मुलीवर विनाकारण डाफरले. न खाण्यानं मी साध्वी झाले नव्हते, चिडकी झाले होते.

आता डाएटिशियननं दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. पनीर, अंडं, मूग, दही, थोडं थोडं, घड्याळ लावून. जेवताना पाणी नाही. बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. भूक नसताना हे करणं फार जड जातं. घास तोंडात फिरत राहतो, उठून जावंसं वाटतं. भूक असताना खाणं टाळायला जेवढं बळ लागायचं, तेवढंच आता खायला लागतं. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, अन्न नाकारू नये, हे व्रत म्हणूनच सांगितलंय. उपासाला व्रत म्हणायची सवय असलेल्या आपल्याला तिकडे लक्ष द्यायला फुरसत होत नाही.

आषाढी जवळ आली तशी सासूबाईंची चलबिचल सुरू झाली. "तुला भूक तर लागतच नाही, मग एकादशी धरायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "आई, म्हणूनच धरणार नाही. जे मला सोडावंच लागत नाही, ते पांडुरंगाला वाहून काय उपयोग?" त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणि माझ्यासाठी मुगाचं धिरडं, अशा दोन चुली चालतील. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी, कदाचित वर्षभरानं, थोडी भूक परत येते. अनेकांना तिची भीती वाटते. मला वाटत नाही. ती आली की बेनना विचारून ऊणोदरी सुरू करायचा विचार आहे, आणि सासूबाईंची एकादशीही तेव्हाच धरीन.