विलंबाची किंमत

शरणागताची गोष्ट निघाली कीं शिबिराजा आठवतो. ससाण्याच्या भयानें कबूतर त्याच्या आश्रयाला आलें. मागोमाग ससाणाहि आपला दावा घेऊन उभा राहिला. राजानें दोघांचेंहि ऐकून घेतलें. त्याच्या त्यागाची थोरवी आपण गातों. पण निकाल त्याच बैठकींत लागला, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं.

आज आश्रय मागणाऱ्याचें प्रकरण एका बैठकींत संपत नाहीं. अमेरिकेचेंच उदाहरण घ्या. अपवादात्मक कारण नसेल तर, अपिलाचा काळ वगळून, आश्रयाच्या अर्जाचा निकाल १८० दिवसांत लागावा, असें तेथील १९९६ चा कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत २०२३ च्या अखेरीस तेथील इमिग्रेशन न्यायालयांत सर्व प्रकारचे मिळून ३० लाखांहून अधिक खटले तुंबले होते.

न्यायालयाच्या आधीं ज्या सरकारी कचेऱ्यांत असे पुष्कळ अर्ज येतात, त्यांनीं १९९५ सालीं एक उपाय योजिला: जो शेवटीं आला त्याचा अर्ज आधीं घ्यावयाचा. हा नियम २०१४ च्या अखेरीस सोडण्यांत आला व २०१८ च्या जानेवारींत पुन्हां आणण्यांत आला. वरवर पाहतां हा उफराटा न्याय दिसतो. परंतु त्यामागील विचार पोरकट नव्हे. अर्ज पडून आहे तोंपर्यंत अर्जदाराला सामान्यतः देशांत राहतां येतें व कांहीं काळानें कामाचा परवानाहि मिळतो. तेव्हां दिरंगाई हेंच खोट्या अर्जाचें आमिष ठरतें. नव्या अर्जाचा निकाल तात्काळ लागला कीं आमिष संपलें. १९९५ नंतर नवे अर्ज पुष्कळ घटले, हेंहि खरें; मात्र परवान्यासाठीं सहा महिने थांबण्याची अट त्याच वेळीं घातली गेल्यामुळें सारें यश या एका नियमाच्या पदरीं घालतां येत नाहीं.

प्रश्न असा कीं, उद्यां येणाऱ्या लबाडाला धाक बसावा म्हणून काल आलेल्या सच्च्याला मागें लोटण्याचा अधिकार कोणाला आहे काय? मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें कांटचें सूत्र येथें नेमकें लागू पडतें. विलंबाचा विशेष असा कीं, तो खोट्याला बक्षीस आणि खऱ्याला शिक्षा होतो. लबाडाला जितकीं वर्षें अधिक मिळतील तितका त्याचा लाभ. खऱ्या पीडिताचीं बायकामुलें मात्र पुष्कळदां मागें संकटांतच असतात. आश्रय मंजूर होईपर्यंत त्या हक्कानें त्यांना बोलावितां येत नाहीं. साक्षीदार पांगतात, तारखा स्मरणांतून जातात, आणि त्या विस्मरणावरूनच त्याच्या सचोटीविषयीं शंका घेतली जाते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग भराभर निकाल द्या.’ पण घाईच्या निकालानें मनुष्य मृत्यूच्या दाढेंत परत गेला तर ती चूक दुरुस्त होत नाहीं. म्हणून विचाराला लागणारा वेळ आणि रांगेंत जाणारा वेळ यांत भेद केला पाहिजे. पहिला न्यायाचा आहे. त्यांत काटकसर नको. दुसरा केवळ माणसें व पैसा कमी पडल्याचा आहे. २०२४ सालीं कांहीं अधिकारी सर्वांत जुन्या अर्जांकरितां निराळे नेमण्यांत आले, तें योग्य दिशेचें पाऊल होय. पण रोगाच्या मानानें औषध थोडें.

शिबीनें तराजूच्या पारड्यांत स्वतःचें मांस घातलें, कबूतराचें नव्हे. आश्रय देऊं म्हणणाऱ्या राज्यानेंहि आपल्या वचनाची किंमत आपल्याच खजिन्यांतून द्यावी. ती आश्रितांच्या आयुष्यांतील वर्षें कापून देणें, हा कोणता धर्म?