खाडाखोडीचा हक्क

ईमेलचा शोध आज लागला असता तर तो कसा असता? गूगल मॅप्सचा पाया घालणाऱ्या लार्स आणि जेन्स रासमुसेन या डॅनिश भावांना हा प्रश्न पडला. सिडनीत बसून त्यांनी जे उत्तर घडवलं, ते गूगलने मे २००९ मध्ये मोठ्या थाटात जगापुढे मांडलं. नाव ‘गूगल वेव्ह’. पत्रं इकडून तिकडे धाडायचीच कशाला? एकच कागद मधे ठेवू, सगळे मिळून त्यावर लिहू, अशी कल्पना. सप्टेंबरअखेर लाखभर लोकांना आमंत्रणं गेली आणि उरलेले ती मिळवायला धडपडू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. सव्वा वर्षाचा संसार.

वेव्ह कशासाठी वापरायची हेच लोकांना उमगलं नाही, असं म्हणतात. खरं असेल. मला मात्र तिच्या एका गुणाचीच धास्ती वाटते. तुम्ही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर समोरच्याला त्याच क्षणी दिसे. वेळ वाचतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र. पण पत्र लिहिणारा आधी काय करतो? रागाने एक वाक्य लिहितो, वाचतो, खोडतो. मग ‘स. न. वि. वि.’पासून पुन्हा सुरुवात करतो. खोडलेलं वाक्य त्याचं एकट्याचं असतं. वेव्हमध्ये विचार जन्मतानाच चव्हाट्यावर. सुइणीआधी पाहुणेच घरात! (व्हॉट्सॲपवर ‘टायपिंग’ असं उमटून नाहीसं होतं तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो, ते आठवा. तिथे निदान अक्षरं तरी दिसत नाहीत.)

वेव्हचे नियम गूगलने इतरांसाठी खुले ठेवले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुढे आलेल्या स्लॅक या कचेरीतल्या संदेशांच्या ॲपने तेवढंही केलं नाही. ईमेलला संपवणारं म्हणून त्याचा गाजावाजा झाला, २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते सत्तावीस अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतलं, पण शेवटी तो एका मालकाचा वाडा. बोलायचं तर आत या. ईमेलला असा मालक नाही. रेडिफवरून जीमेलवर पत्र जातं, कारण टपालाचे नियम १९८२ पासून सगळ्यांना ठाऊक आहेत.

आणि ईमेलच्या जन्माचा मुळी समारंभच झाला नव्हता. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पहिला संदेश पाठवला. त्यात काय लिहिलं होतं, हे पुढे त्यांनाही आठवेना.

तो संदेश विसरता आला, हे मला आवडतं. माझ्या ‘ड्राफ्ट्स’मध्ये या घडीला एकोणीस न पाठवलेली पत्रं आहेत. त्यातली तीन एकाच माणसाला लिहिलेली. तो माणूस अजून माझ्याशी बोलतो.