मजुरी वाढली, न्यायालय मोडले

१ जून २०२५ रोजी मेक्सिकोच्या मतदारांना न्यायाधीश निवडायला बोलावले गेले. सर्वोच्च न्यायालय, निवडणूक न्यायाधिकरण, न्यायाधीशांच्या शिस्तीवर नजर ठेवणारे नवे न्यायाधिकरण, अपिलाची न्यायालये आणि जिल्हा न्यायालये मिळून केंद्रीय न्यायव्यवस्थेतल्या ८८१ जागा एका दिवसात भरायच्या होत्या. बोलिव्हियात वरिष्ठ न्यायाधीश २०११ पासून मतदानाने निवडले जातात आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांतही स्थानिक न्यायाधीश निवडून येतात. पण वरपासून खालपर्यंत अख्खी न्यायव्यवस्था मतपेटीच्या हवाली करण्याचे धाडस कुणी केले नव्हते. मतदान झाले सुमारे १३ टक्के. बरोबर वर्षभर आधी, २ जून २०२४ रोजी, याच मतदारांपैकी ६० टक्के लोक रांगेत उभे राहिले होते आणि त्यांतल्या जवळपास ६० टक्क्यांनी क्लॉदिया शेनबाम यांना राष्ट्राध्यक्षपदी बसवले होते. त्यांचा मोरेना पक्ष लोकांना हवा आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही त्याच पक्षाने न्यायाधीश निवडायला हाक दिली तेव्हा दहांतले जवळजवळ नऊ जण घरी बसले.

मेक्सिकोबद्दल बाहेर जे लिहिले जाते ते बहुधा दोन ठरीव साच्यांतले असते. एक म्हणजे हा देश अमली पदार्थांच्या टोळ्यांनी गिळलेला आहे, आणि दुसरा म्हणजे भोळी जनता एका लोकानुनयी पक्षाच्या नादी लागून जुन्या एकपक्षीय राजवटीकडे परत निघाली आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत मतदार मूर्ख ठरतो, आणि ते मला पटत नाही. माझे म्हणणे असे, की मेक्सिकोच्या गरीब मतदाराने मोरेनाला जो विश्वास दिला तो रोख व्यवहार पाहून दिला आणि शहाणपणाने दिला. मात्र त्या विश्वासाच्या जोरावर पक्षाने ज्या संस्था मोडल्या, त्या मोडण्याचा आणि गरिबाच्या पदरात जे पडले त्याचा परस्परांशी संबंध नव्हता. हे दोन्ही एकाच पुडक्यात बांधून दिले गेले, एवढेच.

आधी पदरात काय पडले ते पाहू. १९२९ पासून ७१ वर्षे एकच पक्ष सत्तेवर होता. त्याची नावे बदलली, शेवटचे नाव 'प्री'. दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष बदले आणि जाणारा आपला वारस बोट दाखवून नेमी. २००० साली विरोधी पक्षाचे व्हिसेंते फॉक्स जिंकले आणि मेक्सिकोत लोकशाही आली, असे जगाने मानले. निवडणूक आयोग आधीच स्वतंत्र झाला होता, आता माहिती अधिकाराची यंत्रणा उभी राहिली, वृत्तपत्रे मोकळी झाली. पण किमान मजुरी होती तिथेच राहिली. मजुरी वाढवली की महागाई वाढते, असे अर्थखाते सांगत राहिले. त्यात एक गंमतीची अडचण होती: दंड, घरकर्जाचे हप्ते, पक्षांना मिळणारा सरकारी निधी, सगळे किमान मजुरीच्या पटीत मोजले जाई, म्हणून मजुरी वाढवली की हे सारे आपोआप वाढे. २०१६ साली ही गाठ सोडवली गेली, तीही सत्तेत परतलेल्या 'प्री'च्याच काळात. फायदा उचलला तो २०१८ च्या शेवटी राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या मोरेनाच्या लोपेस ओब्रादोर यांनी. त्या वर्षी किमान रोज ८८ पेसो ३६ सेंटाव्हो होता; २०२५ मध्ये तो २७८ पेसो ८० सेंटाव्हो झाला. नोकरीच्या पहिल्या वर्षाची हक्काची पगारी रजा ६ दिवसांवरून १२ दिवस झाली. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाला दर दोन महिन्यांनी पेन्शन मिळू लागले, ती तरतूद राज्यघटनेत गेली आणि २०२५ मध्ये रक्कम ६,२०० पेसो होती. अर्थतज्ज्ञांनी सांगितलेला प्रलय आला नाही. सरकारी मोजणीनुसार २०१८ मध्ये ४१.९ टक्के लोक गरिबीत होते, २०२४ मध्ये २९.६ टक्के. एक कोटी तीस लाखांहून अधिक माणसे सहा वर्षांत गरिबीच्या रेषेच्या वर आली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ही मते विकत घेतली. लाडकी बहीण योजनेनंतर हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. पेन्शनपुरता त्यात थोडा अर्थ असेलही, पण गरिबी घटण्यात मोठा वाटा कामाच्या कमाईचा आहे, खात्यात येणाऱ्या पैशाचा नव्हे. आणि मालकाच्या खिशातून जाणारी वाढीव मजुरी ही सरकारची लाच कशी म्हणायची? ज्या पक्षांनी वीस वर्षे मजुरी गोठवून ठेवली, त्यांना मजुराने नाकारले तर ते लोकशाहीचे अपयश नाही. लोकशाहीने करायचे ते हेच काम.

पण याच मोजणीत एक आकडा उलट्या दिशेने गेला आहे आणि त्याच्याकडे मोरेनाचे समर्थक कानाडोळा करतात. आरोग्यसेवा हाताशी नसलेले लोक २०१८ मध्ये १६ टक्के होते; २०२४ मध्ये ते ३४ टक्के झाले. कारण सरळ आहे. ज्यांना नोकरीचा विमा नाही त्यांच्यासाठी 'सेगुरो पोपुलार' नावाची योजना होती. ती गळकी होती, काही राज्यांत तिच्या पैशाला पाय फुटत होते. सरकारने ती दुरुस्त केली नाही, बंद केली. जागी नवी संस्था आणली, ती तीन वर्षांत गुंडाळली, मग तिसरीकडे काम सोपवले. दरम्यान माणसे खासगी डॉक्टरकडे, बहुतेकदा औषधाच्या दुकानाला जोडलेल्या स्वस्त दवाखान्यात जाऊ लागली. मजुरीत एक आकडा बदलायचा होता, तो बदलला आणि काम झाले. दवाखाने चालवायला मात्र संस्था लागते, आणि संस्था मोडून उभी करायला घेतली की मधल्या काळात रुग्ण रस्त्यावर येतो. न्यायालयाची गोष्टही याच नमुन्याची आहे.

जुन्या न्यायव्यवस्थेची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. न्यायाधीशांचे पगार गलेलठ्ठ होते, न्यायालयांच्या कचेऱ्यांत नातेवाइकांची भरती उघड गुपित होते, आणि चांगला वकील परवडणाऱ्याला कुठलीही चौकशी वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवता येई. त्यासाठी वापरले जाणारे हत्यार म्हणजे 'अंपारो', सत्तेच्या कृतीविरुद्ध नागरिकाने घटनेखाली मागायचे संरक्षण. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोने घडवलेला हा उपाय लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांनी उचलला. करबुडवे उद्योगपती तो वापरत, हे खरे. बेपत्ता मुलाचा शोध घ्यायला सरकारला भाग पाडा, म्हणून आईही तोच वापरत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गर्भपाताला गुन्हा ठरवणे घटनाबाह्य ठरवले आणि २०२३ मध्ये नॅशनल गार्ड हे केंद्रीय सुरक्षा दल लष्कराच्या ताब्यात देणारा कायदा रद्द केला. त्याच वर्षी निवडणूक आयोगाचे हातपाय तोडणारे बदलही त्याने फेटाळले. सरकारचा राग होता तो या शेवटच्या दोन निकालांवर. आता तारखा लावून पाहा. मजुरी वाढली, पेन्शन आले, गरिबी घटली ती २०१८ ते २०२४ या वर्षांत. त्या सगळ्या काळात हेच बदनाम सर्वोच्च न्यायालय जागच्या जागी होते. त्याने मजुरी अडवली नाही, पेन्शनही अडवले नाही. त्याने अडवले ते लष्कराला आणि निवडणुकीच्या नियमांतल्या बदलांना. मग गरिबांच्या नावाने ते मोडायचे कारण काय?

मोडण्याची रीतही पाहण्यासारखी होती. मोरेना आणि मित्रपक्षांनी कनिष्ठ सभागृहात मते निम्म्याहून थोडी अधिक मिळवली, पण जागावाटपाच्या हिशेबाने ५०० पैकी ३६४ जागा पदरात पाडल्या. सिनेटमध्ये दोन-तृतीयांशाला काही मते कमी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आंदोलक सभागृहात घुसल्यावर बैठक दुसऱ्या इमारतीत हलवली गेली आणि विरोधी पक्षाचा एक सदस्य ऐन वेळी फिरून न्यायाधीश मतदानाने निवडण्याची घटनादुरुस्ती ८६ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाली. भारतात केशवानंद भारती खटल्याने संसदेलाही हात लावता येणार नाही असा घटनेचा गाभा सांगितला. मेक्सिकोत तसा निर्णय कधी रुजला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचा काही भाग रद्द करायचा प्रस्ताव न्यायालयापुढे आला तेव्हा ८ मते हवी होती, मिळाली ७. शिवाय घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, असे कलम त्याआधी काही दिवस घाईने घटनेत घालून झाले होते.

निवडणुकीच्या दिवशी केंद्रीय पदांसाठीच मतदाराच्या हातात सहा वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका आल्या. प्रत्येकीवर नावांची दाटी, पुढे क्रमांक, पक्षाचे चिन्ह कुठेच नाही, आणि मत द्यायचे ते रिकाम्या चौकटीत क्रमांक लिहून. इतक्या अनोळखी नावांतून निवड कशी करायची? त्यावर तोडगा म्हणून आधीच घरोघर चिठ्ठ्या पोहोचल्या होत्या. परीक्षेत कॉपीला नेतात तशा घड्या घातलेल्या, कुठल्या रंगाच्या कागदावर कोणते क्रमांक लिहायचे हे सांगणाऱ्या. निकाल लागले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही जागांवर आलेली नावे अशा चिठ्ठ्यांवर आधीपासून होती. नव्या न्यायालयाचे अध्यक्ष ओआहाका राज्यातले मिश्तेक वकील ऊगो आगिलार झाले. आदिवासी समाजातला माणूस त्या खुर्चीत बसला ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय या निवडणुकीला द्यायलाच हवे. पण त्या खुर्चीकडे आदिवासींना न्यायासाठी जायचे असेल तर समोर सरकार असणार आहे, आणि चिठ्ठ्या कुणी वाटल्या हे तर उघड गुपित आहे.

लोकांवर विश्वास नाही म्हणून तुम्ही निवडणुकीला नाक मुरडता, असे यावर कुणी म्हणेल. त्याला उत्तर मिचोआकान राज्यातल्या चेरान या पुरेपेचा लोकांच्या गावाने आधीच दिले आहे. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या बायकांनी जंगल तोडून नेणाऱ्या हत्यारबंद टोळ्यांचे ट्रक अडवले. मग गावाने पोलीस, नगराध्यक्ष आणि राजकीय पक्ष या सर्वांना हाकलले. चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या, त्यांभोवती रात्रभर पहारा आणि बैठका चालल्या, आणि पुढे गावाचा कारभार पाहणारी मंडळी चौकांतल्या सभांतूनच निवडली जाऊ लागली. इथे प्रत्येक जण उमेदवाराला तोंडावळ्याने ओळखतो. लोकांवर विश्वास टाकणे ते हे. हजारो अनोळखी नावांचे कागद हातात देणे नव्हे. आणि चेरानचा हक्क टिकला कशामुळे? निवडणूक न्यायाधिकरणाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो मान्य केला म्हणून. सरकारची मर्जी राखायला बांधील नसलेले न्यायाधीश हे एका गरीब आदिवासी गावाच्या कामी आले होते.

मेक्सिकोतली न्यायाची खरी कोंडी मात्र न्यायाधीशापर्यंत पोहोचतच नाही. बहुसंख्य गुन्ह्यांची तक्रार होत नाही. झाली तर ती 'फिस्कालिया', म्हणजे तपास करून खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांच्या कचेरीत धूळ खात पडते. बेपत्ता माणसांची सरकारी नोंद १ लाख ३० हजारांवर गेली आहे आणि त्यांतले बहुतेक २००६ नंतरचे, म्हणजे फेलिपे काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध लष्कर रस्त्यावर आणल्यानंतरचे आहेत. शोध घेतात त्या आया. गटागटाने माळरानावर जातात, लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, उपसतात आणि टोक हुंगतात. कुजका वास आला तर खणतात. मार्च २०२५ मध्ये हालिस्को राज्यातल्या तेउचित्लान गावाजवळच्या एका वाडीत अशाच गटाला शेकडो बूट-कपडे आणि जळकी हाडे सापडली. ती वाडी त्याआधी काही महिने नॅशनल गार्डने छापा घालून ताब्यात घेतली होती आणि राज्याची फिस्कालिया तिथे येऊन गेली होती. जे आयांना दिसले ते त्यांना दिसले नव्हते, किंवा पाहायचे नव्हते. इथे मतदानाने निवडलेला न्यायाधीश काय करणार? त्याच्या टेबलावर कागदच आलेला नाही.

शेनबाम यांच्या कारकिर्दीत खून घटले आहेत, असे सरकार सांगते, आणि घट खरी असावी असे मलाही वाटते. शेनबाम मुळात शास्त्रज्ञ आहेत आणि आधीच्या नेत्यापेक्षा तपासाला आणि गुप्त माहितीला अधिक महत्त्व देतात. पण रोजच्या जगण्याला खुनाइतकाच हप्ता छळतो. लिंबू-अव्होकाडोचा बागायतदार, बसवाला, कोंबडी विकणारा, तोर्तियाचे दुकान चालवणारी बाई, सगळ्यांना टोळीला 'पिसो' द्यावा लागतो, आणि तो शेवटी त्याच वाढीव मजुरीतून, किलोमागे, तिकिटामागे वसूल होतो. मिचोआकानातल्या अपात्सिंगान भागात लिंबू उत्पादकांच्या नेत्याने या खंडणीविरुद्ध तोंड उघडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा खून झाला. १ नोव्हेंबरला, मृतांच्या सणाच्या गर्दीत, त्याच राज्यातल्या उरुआपानचे अपक्ष नगराध्यक्ष कार्लोस मान्सो यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते महिनोन् महिने केंद्राकडे मदत मागत होते. त्यानंतर राजधानीत जो मोर्चा निघाला त्यात तरुण होते आणि विरोधी पक्षांचे भाडोत्रीही होते, असे सरकार म्हणाले. दोन्ही प्रकारचे असतील. पण उरुआपानच्या रस्त्यावर उतरलेल्यांना तसे म्हणणे कठीण होते.

म्हणून सुधारणा करायचीच होती तर ती फिस्कालियात हवी होती: तपासनीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, आणि शवागारांत व सरकारी दफनभूमींत ओळख न पटता पडून असलेल्या प्रेतांची छाननी. स्वतंत्र अंदाजांनुसार त्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे आहे. हे काम कंटाळवाणे, खर्चिक आणि मतपेटीत न दिसणारे आहे. केंद्रीय फिस्कालिया कागदोपत्री स्वायत्त, तिच्या प्रमुखाची मुदत नऊ वर्षांची. पहिले प्रमुख आलेहान्द्रो हेर्त्स मानेरो यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीआधी राजीनामा दिला आणि त्यांना परदेशातले राजदूतपद देऊ केले गेले. जागी आल्या एर्नेस्तिना गोदोय. शेनबाम राजधानीच्या महापौर असताना तिथल्या फिस्कालियाच्या प्रमुख आणि नंतर राष्ट्राध्यक्षांच्याच कायदेविषयक सल्लागार. मूळ दुरुस्तीने उरलेल्या न्यायाधीशांची निवडणूक २०२७ साठी ठेवली होती. गोदोय यांच्या कचेरीतून तोवर किती प्रकरणे न्यायालयाच्या दारापर्यंत येतात, हे माळरानावर सळई घेऊन जाणाऱ्या बायका मोजत राहतील.